लागली म्हणायचं कुणी?

१२ मे १९७४, रविवार

खऱ्या तलवारी आणायच्या म्हणतात! चावडीत आज कमिटी बसली, तिथं हे निघालं. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं होतात, म्हणून सहा जूनला शाळेच्या पटांगणावर लढाई करून दाखवायची. मावळे आणि मोगल, आठ आठ गडी. गडी सगळे माझ्या तालमीतले, म्हणून मला बोलावणं. रंभाजी आबा कमिटीचे अध्यक्ष. म्हणाले, "पुन्याहून नाटकवाल्यांच्या तलवारी आनू. रेल्वेचा संप हाय म्हनून, न्हाईतर आत्तापतूर आल्या बी असत्या."

मी म्हणालो, लोखंड मैदानात आलं तर मी नाही आणि माझा एकही गडी नाही. चामड्याची फरी ढाल म्हणून आहे, चामडं चढवलेला वेताचा गदका तलवार म्हणून आहे. वीस वर्षांत त्यानं कुणाचं हाड मोडलेलं नाही.

"वेताच्या छड्या बघायला कोन येईल, वस्ताद? मास्तर मारत्यात तसं दिसंल!"

सगळे हसले. मीही हसलो, पण जागचा हललो नाही. शेवटी गदक्यांना चंदेरी बेगड चिकटवायचा यावर मिटलं. संप मिटायच्या आत हे मिटलं, देवाची कृपा.

१४ मे, मंगळवार

मोगल व्हायला कुणीच तयार नाही. सोपान म्हणतो, "मी मोगल झालो तर माजी बायकू मला घरात घीना!" तालीमभर हशा. मग आबांनीच ठरवून टाकलं — बौद्धवाड्यातले सहा गडी मोगल, आणि वर दोन चिठ्ठ्या टाकून. मावळ्यांचा सरदार आबांचा पुतण्या गहिनीनाथ. मोगलांचा खान रंगनाथ.

हे मला बोचलं. बोललो मात्र नाही. रंगनाथच बोलला. "बरं झालं की. यंदा तरी किल्ला आमच्या ताब्यात!" तोंडावर हसू होतं. डोळ्यांत होतं की नाही, मी पाहिलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याला आणि त्याच्या वाड्यातल्या आणखी चौघांना मी तालमीत घेतलं, तेव्हा गावातल्या तीन घरांनी आपली माणसं काढून नेली होती. तालमीतला मारुती काही बोलला नाही, म्हणून मीही कुणाला उत्तर दिलं नव्हतं. आज रंगनाथइतका गदका जिल्ह्यात कुणी खेळत नसेल. कारखान्याच्या ट्रॅक्टरवर क्लीनर आहे, पावसाळ्यानंतर ड्रायव्हर करतो म्हणून साहेबांनी शब्द दिलाय.

१८ मे, शनिवार

मारुतीला नारळ फोडून सोळाही जणांना समोर बसवलं आणि नियम पुन्हा पहिल्यापासून सांगितले. नवे असोत, जुने असोत. गळ्याच्या वर फटका नाही. गुडघ्याच्या खाली नाही. बसलेल्या गड्यावर हात उचलायचा नाही. आणि ज्याला लागली त्यानंच 'लागली' म्हणायचं आणि खाली बसायचं. पंचानं नाही, मारणाऱ्यानं नाही, बघणाऱ्यानं तर नाहीच. आपला फटका बसला असं वाटलं तर मारणाऱ्यानं आपली फरी खाली घ्यायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं. तो बोलेल.

दुसऱ्या तालमीतले हसतात आम्हाला. म्हणतात, असा कोण स्वतःहून हरतो? पण माझ्या वस्तादांनी मला हेच दिलं आणि मी ह्यांना तेच दिलं. अंगाला लागलेलं दुसऱ्या कुणाला कळणार?

गदके तपासले. प्रत्येक माझ्या हातावर मारून बघतो — चिरलेला वेत अंगाला चिमटा काढतो, डोळ्याला दिसत नाही. दोन चिरलेले निघाले. मोडून चुलीत घातले. बायको, मालन, म्हणाली, "आवं, हात बघा केवढा सुजलाय!" सुजू दे. हाताचं काय.

२१ मे, मंगळवार

गहिनीनाथला रंगनाथ सापडत नाही. पाच डाव खेळवले. चार वेळा गहिनीनाथनं स्वतः, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं 'लागली' म्हटलं. पाचवा डाव मीच थांबवला. ह्या पोराचं मला कौतुक वाटलं. चुलता दारात उभा असताना चार वेळा लागली म्हणायला छाती लागते.

आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "वस्ताद, ह्यो खान तर गडच घिऊन बसंल!" हसत म्हणाले. पण पाठीवरचा हात जड होता.

२२ मे, बुधवार

पारावर कुणीतरी म्हणालं, "त्यांना लई माज आलाय." मी वळून बघितलं तर सगळे तंबाखू मळत होते.

२६ मे, रविवार

आबा घरी आले. चहा झाला, बाजरीच्या बियाण्याचं झालं, मग मुद्द्यावर आले. गुरुजी कर्ण्यावरून हकिगत सांगणार. हकिगतीच्या शेवटी खान पडतो. म्हणजे तो पडलाच पाहिजे. "पंधरा गावचं लोक येनार. खान उभा ऱ्हायला आन् आमचा सरदार बसला, तर कसं दिसंल? आन् मग आमची तरनी गप बसत्याल का? तुमीच सांगा."

ते खोटं बोलत नव्हते. गप्प बसणार नाहीत, हे मलाही दिसतंय.

संध्याकाळी तालमीत रंगनाथला म्हणालो, शेवटी खान पडतो बरं का. तो गदक्याचं चामडं आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "पडू की. लागली की पडू."

"आणि नाही लागली तर?"

"तर कसं पडायचं, वस्ताद? तुमीच शिकिवलंय."

२९ मे, बुधवार

रंगनाथच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, चांगुणानं, चहा दिला. कपबशी नवी काढली होती. मी म्हणालो, बाई, रोजची चालली असती. ती म्हणाली, "वस्ताद कुटं रोज येत्यात?" ऐकून घेतलं. अकरा वर्षांत मी तिसऱ्यांदा त्या घरात बसलो असेन.

मग जे बोलायला गेलो होतो ते बोललो. म्हणालो, रंगनाथ, माझ्यासाठी पड. ही एकच वेळ. दोन्हीकडची डोकी तापलीत, एक दगड आला तर गाव पेटेल. तुझं नाव जाणार नाही, ज्याला कळतं त्याला कळेलच.

चांगुणा दारातून म्हणाली, "दरखेपी आमीच का पडायचं म्हनते मी?" रंगनाथनं तिला हातानं गप्प केलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला मात्र आला, नेहमीसारखा.

ज्या तोंडानं वीस वर्षं लागल्याशिवाय बसू नका म्हणालो, त्याच तोंडानं हे मागितलं. जेवण गेलं नाही.

१ जून, शनिवार

मारुतीपुढं दिवा लावला. हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही, तसाच परत आलो.

५ जून, बुधवार

पोशाख आले आणि माझी पंचाईत झाली. तालमीत आम्ही उघड्या अंगानं खेळतो. फटका बसला की चट्ट आवाज येतो, कातडीवर वळ उठतो. वाद राहतच नाही. इथं अंगरखे, वर शेले, फेटे! आवाज कुठून येणार? म्हणालो, निदान शेले काढा. आबा म्हणाले, "उघडं मावळं कुनी बघितल्यात का कवा?" सोपान म्हणाला, "उन्हाळ्यात असत्याल की, आबा!" आबाही हसले. शेले राहिले.

रंगनाथला शेळीच्या केसांची दाढी लावलीय. सारखा खाजवतो. "मी पडायच्या आधी ही दाढी पडंल बगा, वस्ताद." सगळ्यांबरोबर हसला. माझ्या विनंतीबद्दल अजून एक अक्षर नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. नाही म्हणाला असं धरून चाललोय.

सगळे गदके पुन्हा हातावर मारून बघितले. एकही चिरलेला नाही.

६ जून, गुरुवार

नको तेच झालं. रंगनाथला नगरला नेलंय. बाकी उद्या लिहितो.

७ जून, शुक्रवार

पटांगणावर माणूस माणसाला चिकटून होता. शाळेच्या कौलांवरसुद्धा माणसं. पहिल्या सात जोड्या नीट झाल्या. लागली, लागली — दोन्हीकडून स्वच्छ आवाज आले. चार मोगल बसले, तीन मावळेही बसले. दोन म्हाताऱ्या बसलेल्या मावळ्यांना बघून डोळे पुसत होत्या, त्यांना खरंच मेले असं वाटलं.

मग शेवटची जोडी उरली, खान आणि सरदार. गुरुजींनी कर्ण्यावर आवाज चढवला. हलगी सुरू झाली. मी पंधरा-वीस पावलांवर उभा होतो, ऊन तोंडावर. रंगनाथनं गहिनीनाथला फिरवत फिरवत पार कडेला नेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं हाण त्या खानाला!" बौद्धवाड्याच्या बाजूनं शिट्टी आली. मला वाटलं, आता पेटतंय.

तेवढ्यात रंगनाथचा फटका गहिनीनाथच्या उजव्या खांद्यावर गेला. शेला उडालेला मी पाहिला. आवाज आला नाही, पण त्या हलगीत आणि अंगरख्यात आवाज येणार कसा? रंगनाथनं फरी खाली घेतली. अगदी मांडीपर्यंत. गहिनीनाथच्या तोंडाकडे बघत सरळ उभा राहिला.

मी मनात म्हणालो, म्हण! म्हण लागली!

गहिनीनाथ म्हणाला नाही. त्याचा गदका तसाच फिरून आला आणि रंगनाथच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तो पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी कर्ण्यावरून म्हणाले, खान पडला! दाढी रक्तानं भिजलेली फक्त मला आणि गहिनीनाथलाच दिसली. चांगुणा कुठून धावत आली कळलं नाही. तिच्या ओरडण्यानं टाळ्या थांबल्या.

कारखान्याच्या जीपमधून नेलं. मी सोबत होतो. वाटभर त्यानं माझा हात धरला होता.

८ जून, शनिवार

डॉक्टर म्हणतात, डोळा राहील, नजरेचं आत्ता सांगता येत नाही. नजर नाही तर ड्रायव्हरकी नाही. चांगुणा मला एवढंच म्हणाली, "पडला एकदाचा. झालं ना मनासारकं?"

परत आलो ते थेट तालमीत. गहिनीनाथ मारुतीसमोर बसलेला होता. मला बघून उठला. "वस्ताद, मी फरीवर मारली. फरी तितं नव्हतीच!"

मी विचारलं, आणि त्याच्या आधी तुला लागली ती?

"मला न्हाई लागली."

"शेला उडालेला मी पाहिला."

"शेला उडाला आसंल. मला न्हाई लागली. मारुतीची आन, वस्ताद!"

मारुतीचं नाव घेऊ नकोस, असं मी ओरडलो. तालमीत मी कधी ओरडत नाही. त्याची फरी खुंटीवरून काढून घेतली आणि उंबऱ्याबाहेर हो म्हणालो. तो गेला.

९ जून, रविवार

चावडीत सगळे जमले. बौद्धवाड्यातलीही माणसं आली होती, दाराशी उभी होती. आबांनी सुरुवात केली, "वाईट झालं. पर फरी कुनी खाली घेतली? ज्यानं घेतली त्येची चूक." दोन-चार माना हलल्या. फौजदाराला तसंच सांगायचं म्हणाले.

मी उभा राहिलो. म्हणालो, फरी खाली घ्यायला मी शिकवलंय. फटका बसल्यावर घेतात. गहिनीनाथला लागली होती आणि तो बोलला नाही. मी पाहिलं. कुणालाही हेच सांगेन.

जन्मात बघितलं नव्हतं तसं आबांनी माझ्याकडे बघितलं. दाराशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले.

मोगल नेमताना मी गप्प राहिलो, पारावर गप्प राहिलो. निदान आज तरी राहिलो नाही. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१२ जून, बुधवार

तालमीत पाचच गडी. आबांच्या भावकीतलं कुणी येत नाही. न येवोत.

पारावरचे आता गहिनीनाथला बघितलं की विचारतात, "काय सरदार, लागली का?" हेच लोक सहा तारखेला हाण म्हणून ओरडत होते.

१४ जून, शुक्रवार

गहिनीनाथची आई भागिरथी आली होती. मी ओट्यावरच उभा राहिलो, आत या म्हणालो नाही. "वस्ताद, तीन दिस झालं लेकरू जेवत न्हाई. ल्हानपनी शेजारची बोरं चोरून आनायचा, आन् रातीला आपल्याच तोंडानं सांगून मार खायाचा. त्यो खोटं बोलंल व्हय?"

मी म्हणालो, लहानपणी सगळीच खरं बोलतात. ती पदर तोंडाला लावून गेली.

मालन आतून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "इतक्या लांबून, उन्हात, तुमाला नक्की दिसलं का पर?"

तिच्यावर भडकलो. वीस वर्षं काय गवत उपटलं का मी म्हणालो. ती भाकरी वाढून बाहेर जाऊन बसली.

१५ जून, शनिवार

मारुतीला नारळ दिला. पूजा करताना एकदाच वाटलं, आवाज आला नव्हता. मग फरी का खाली आली? रंगनाथ उगाच फरी खाली घेणारा गडी नाही. मन स्वस्थ केलं.

१७ जून, सोमवार

गहिनीनाथ गाव सोडून गेला. राजूरला मामाकडे, डोंगरात. आबा म्हणाले म्हणे, वस्तादानं माझा पुतण्या खाल्ला.

१९ जून, बुधवार

नगरला जाऊन आलो. रंगनाथच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी बजावलं, बोलवू नका, रडवू नका. म्हणून गहिनीनाथचं काहीच सांगितलं नाही. घरी आला की तालमीत, मारुतीसमोर बसवून सांगायचं ठरवलं. तुझ्या बाजूनं उभा राहिलो, एवढं तरी त्याला कळावं.

डावा डोळा. उजेड कळेल, माणूस ओळखू येणार नाही. कारखान्यानं जागा दुसऱ्याला दिली.

निघताना त्यानं चाचपडत माझे पाय शिवले. मला लाज वाटली, का ते कळलं नाही.

२३ जून, रविवार

रंगनाथ घरी आला. तालमीत बसवून त्याला सगळं सांगितलं. गहिनीनाथला काढलं, तो गाव सोडून गेला म्हणालो. तो एकदम उठूनच उभा राहिला.

"आवं, त्याला कुटं लागली हुती? माजा गदका नुसता शेल्याला घासून गेला!"

मग फरी का खाली घेतलीस म्हणालो.

तो परत खाली बसला. मग म्हणाला, "तुमचा शब्द मोडवंना, वस्ताद, आन् खोटं पडवंना. म्हनलं, त्याची एक खांद्यावर घिऊ आन् खरं पडू. ती जरा वर आली."